दिवाणखान्याचा धनी कोण?

दिवसभर आपापल्या कामास पांगलेली घरातील माणसे सायंकाळी ज्या ठिकाणी पुन्हा एकमेकांची होतात, ते ठिकाण म्हणजे दिवाणखाना होय. आपल्या मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत हे काम ढाळज किंवा बैठक करी. लहान घरांत ओसरी करी. आणि अलीकडच्या सिमेंटच्या घरांत जिला आपण 'हॉल' म्हणतो ती खोलीही याच कुळातील आहे. या जागेत मध्यभागी काय असावे, घरातील माणसांची तोंडे सायंकाळी कोणत्या बाजूस वळलेली असावीत, हा प्रश्न दिसावयास सामानसुमानाचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर वडील माणसे व मुले यांचा परस्परसहवास पुष्कळ अंशी अवलंबून असतो. म्हणून शाळेच्या वार्षिकात त्याची चर्चा केल्यास ती अप्रस्तुत ठरू नये.

या चर्चेचे निमित्त असे. टीव्हीला जोडून खेळावयाचे जे यंत्र असते व ज्यास 'गेम कन्सोल' या नावाने आमचे विद्यार्थी चांगले ओळखतात, ते यंत्र दिवाणखान्यातील सर्व करमणुकीचे केंद्र होईल, असे त्याचे कारखानदार पुष्कळ वर्षे सांगत आले आहेत. ज्या पालकांचा या वस्तूशी परिचय नाही त्यांच्याकरिता सांगावयाचे तर, कन्सोल म्हणजे एक लहानशी संगणकीय पेटी. तिची तार टीव्हीला जोडावयाची, हाती कंट्रोलर धरावयाचा आणि पडद्यावरील मोटार, खेळाडू वा योद्धा आपल्या बोटांच्या इशाऱ्याने चालवावयाचा. कारखानदारांचे म्हणणे असे की, हीच पेटी चित्रपट दाखवील, गाणी ऐकवील, टीव्हीच्या वाहिन्या लावील, दूरच्या आप्तांशी समोरासमोर बोलणे घडवील. मग घरात दुसऱ्या यंत्राची गरज काय? आमचे मत याहून वेगळे आहे. कन्सोल हा दिवाणखान्यातील एक चांगला पाहुणा होऊ शकतो. दिवाणखान्याचा धनी तो आजवर झालेला नाही, व पुढेही होईल असे दिसत नाही. या मताची कारणे दाखल्यांसह पुढे मांडतो.

प्रथम हे पाहू की, एखादी वस्तू घराच्या मध्यभागी येऊन बसते ती कशाच्या बळावर. आपल्याकडे पूर्वी सारीपाट मांडीत. पट जमिनीवर पसरला, सोंगट्या लागल्या व फासे पडू लागले की खेळणारे चौघे असत, परंतु भोवती बसणारे आठ-दहा असत. कोणी चाल सुचवी, कोणी चुकीच्या चालीवर हसे, कोणी मागच्या डावाची आठवण काढी; आणि स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या आजीचेही त्यात एक मत असे. म्हणजे जो खेळत नसे त्यालाही त्या खेळात वाटा असे. पुढे टीव्ही आला, त्याचेही यश याच गुणावर उभे राहिले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्रे १९८२ साली दिसू लागली. परंतु गावोगावी टीव्ही ही घराची वस्तू म्हणून मनात ठसली ती २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेमुळे, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या घरी संच असे त्या घरी रविवारी सकाळी सारी गल्ली जमे. पाहावयास कसलेही कौशल्य लागत नसे, अक्षरओळख लागत नसे, आणि एक माणूस पाहतो म्हणून दुसऱ्याचे पाहणे बंद होत नसे. सारीपाट व टीव्ही या दोन अगदी भिन्न वस्तू. तरी भोवतालच्या प्रत्येकास जागा देण्याचा गुण दोहोंत सारखाच आहे. दिवाणखान्याचे धनीपण मागणाऱ्या प्रत्येक वस्तूस हीच कसोटी लावली पाहिजे.

आता कन्सोलकडे वळू. योगायोग असा की, ज्या वर्षी मुंबईस दूरदर्शन आले त्याच १९७२ साली अमेरिकेत घरी खेळावयाचे पहिले कन्सोल विक्रीस आले. त्याचे नाव 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी'. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून ते निघाले होते. त्यास रंग नव्हता, आवाज नव्हता; पडद्यावर काही पांढरे ठिपके व एक रेघ एवढेच दिसे. म्हणून पडद्यावर चिकटवावयास रंगीत पारदर्शक चित्रे, आणि जोडीला फासे, पत्ते व खोट्या नोटाही पेटीतून देत. हे मोठे बोलके आहे. पहिल्या कन्सोलच्या कर्त्यांसही ठाऊक होते की, घरातील माणसे पडद्याभोवती जमवावयाची तर जुन्या बैठ्या खेळांचे साहाय्य घेतले पाहिजे. पुढे १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जे यंत्र काढले त्याचे नावच मुळी 'फॅमिली कम्प्युटर', म्हणजे कुटुंबाचा संगणक, असे ठेविले. खेळ म्हणून ते अफाट चालले. त्या यशाने धीर येऊन १९८८ साली कंपनीने त्यास टेलिफोनची तार जोडण्याची सोय केली. घरबसल्या शेअर घ्यावे, विकावे, अशी ती योजना होती. ती फार काळ रुजली नाही. मुलाच्या खेळण्यावर वडिलांनी हिशेब करावा, हे घरोघर मानवले नाही. १९९१ मध्ये फिलिप्स कंपनीने 'सीडी-आय' नावाचे यंत्र आणले. खेळ, चित्रपट, संगीत, ज्ञानकोश असे सर्व काही एकाच पेटीत देण्याचा तो प्रयत्न होता. तोही फसला व त्याच दशकात आटोपला. सर्व कामांसाठी निघालेल्या त्या यंत्राकडे लोक कोणत्याच एका कामासाठी वळले नाहीत.

येथे आमच्या मताविरुद्ध जाणारा एक दाखला प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन २' हे यंत्र मार्च २००० मध्ये जपानात निघाले. त्यावर खेळांबरोबर डीव्हीडीवरील चित्रपटही पाहावयास मिळत. त्या काळी केवळ डीव्हीडी दाखविणारी यंत्रेही चांगलीच महाग असल्यामुळे, एका किमतीत दोन वस्तू मिळतात असे पाहून पुष्कळ कुटुंबांनी ते घेतले. जगभर त्याची पंधरा कोटींहून अधिक विक्री झाली. आजवर कोणतेही कन्सोल इतके खपलेले नाही. तेव्हा कन्सोल दिवाणखान्याचे केंद्र होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले नाही काय? आम्हास तसे वाटत नाही. काही वर्षांतच डीव्हीडीची साधी यंत्रे अगदी स्वस्त झाली, आणि चित्रपटासाठी कन्सोल घेण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर ते यंत्र खपत राहिले ते त्यावरील खेळांच्या बळावर. यावरून एक नियम हाती लागतो. यंत्रास चिकटविलेल्या जोडकामाचे मोल, तेच काम करणारी वेगळी वस्तू महाग असेल तोवरच टिकते. ती वस्तू स्वस्त झाली की जोडकाम निरुपयोगी ओझे बनते.

या नियमाची परीक्षा २००६ साली झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात दोन यंत्रे जवळजवळ एकाच वेळी बाजारात आली. सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' मध्ये 'ब्लू-रे' ही चित्रपटांची नवी तबकडी चालत असे; अमेरिकेत त्याच्या मोठ्या प्रतीची किंमत ५९९ डॉलर होती. निन्टेन्डोचे 'वी' हे यंत्र सुमारे २५० डॉलरचे. त्यावर साधी डीव्हीडीदेखील लागत नसे. करमणुकीचे केंद्र व्हावयाचे तर पहिल्याची सरशी व्हावयास हवी होती. घडले उलट. 'वी'ची विक्री दहा कोटींच्या वर गेली. 'प्लेस्टेशन ३' सुमारे पावणेनऊ कोटींवर राहिले. याचे कारण असे की, 'वी'चा कंट्रोलर हाती धरून रॅकेटप्रमाणे फिरविला की पडद्यावरील टेनिसचा चेंडू मारला जाई. ते शिकावयास दोन मिनिटे पुरत. आजोबांनी मारावे, नातवाने परतवावे, आणि बाजूस बसलेल्यांनी दोघांस हसावे, असा तो खेळ होता. सारीपाटाचा गुण त्यात उतरला होता. तथापि हेही नमूद केले पाहिजे की, नवलाई ओसरल्यावर पुष्कळ घरांत ते यंत्र कपाटात गेले. त्याचा वारस 'वी यू' २०१२ साली निघाला; त्यास टीव्हीच्या कार्यक्रमांची मार्गदर्शिका जोडून दिवाणखान्याचा ताबा घेण्याचा प्रयत्न झाला. तो २०१५ साली गुंडाळावा लागला, आणि ते यंत्र दीड कोटीही खपले नाही.

सर्वांत मोठा प्रयोग २०१३ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने केला. २१ मे रोजी 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र जगापुढे मांडताना त्यांनी खेळांपेक्षा टीव्हीचेच गुणगान अधिक केले. घरातील सेट-टॉप बॉक्सची तार टीव्हीऐवजी या यंत्रात घालावयाची. मग टीव्हीवर जे काही दिसेल ते या यंत्राच्या हातून दिसेल, अशी ती रचना होती. सोबत 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा. तो माणसाचा आवाज ओळखून हुकूम पाळी. या सर्वाची किंमत ४९९ डॉलर. ते यंत्र नोव्हेंबरात बाजारात आले; सोनीने त्याच महिन्यात 'प्लेस्टेशन ४' अमेरिकेत ३९९ डॉलरला विकावयास काढले व हे खेळांचे यंत्र आहे, एवढेच सांगितले. सात महिन्यांच्या आत, जून २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टला किनेक्ट वगळून आपल्या यंत्राची किंमत ३९९ डॉलरवर आणावी लागली. पुढे २०२२ साली ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे त्याच कंपनीने मान्य केले की, त्या पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून अधिक यंत्रे विकली. याहून मार्मिक गोष्ट अशी की, त्याच २०१३ च्या जुलैत गुगल कंपनीने 'क्रोमकास्ट' नावाची बोटभर वस्तू ३५ डॉलरला काढली होती. टीव्हीच्या मागे ती खोचली की इंटरनेटवरील चित्रपट पडद्यावर येत. जे काम करण्यासाठी पाचशे डॉलरचे यंत्र पुढे सरसावले होते, ते पस्तीस डॉलरच्या वस्तूने केले. पुढे तर टीव्हीच्या पोटातच ही सोय येऊ लागली, आणि मध्यस्थाची जागाच राहिली नाही.

ही सारी परदेशची कथा झाली. आपल्या भागाचे काय? उमरी, भोकर, धर्माबाद अशा गावी १९९० नंतरच्या दशकात जे 'व्हिडिओ गेम' पोहोचले, ते बहुधा त्या जपानी 'फॅमिली कम्प्युटर'च्या स्वस्त नकला होत. आज ज्यांची मुले शाळेत शिकत आहेत अशा पुष्कळ पालकांस ती पिवळी कॅसेट आठवत असेल. तिच्यावर लाखो खेळ असल्याची फुशारकी छापलेली असे. आत तेच दहा-वीस खेळ उलटसुलट भरलेले असत. कॅसेट चालेना की तिला फुंकर मारून पुन्हा बसवावयाची, हा सार्वत्रिक उपाय होता. परंतु घरात संच एकच असे. मुलाने खेळ लावला की वडिलांच्या बातम्या बंद, आईची मालिका बंद. आणि 'गेमने टीव्हीची ट्यूब खराब होते' ही समजूत सर्वत्र पसरलेली. परिणामी खेळास वेळ मिळे ती उन्हाळ्याच्या सुट्टीतील दुपारी, वडील माणसे झोपली असता, आणि भारनियमनातून वीज उरली तर. यावरून त्या यंत्राचा दर्जा स्पष्ट होतो. ते टीव्हीच्या घरी आलेला पाहुणा होते. टीव्हीने परवानगी द्यावी तेव्हा ते बोले. खरा कन्सोलही याच स्थितीत आहे. त्यास स्वतःचा पडदा नाही, आणि ज्याला स्वतःचा पडदा नाही त्याला पडद्याच्या मालकीवर हक्क कसा सांगता येईल?

किमतीचा विचार तर याहून कठोर आहे. 'प्लेस्टेशन ५' आपल्या देशात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. म्हणजे मोंढ्यावर जवळजवळ तेरा क्विंटल सोयाबीन घालावे तेव्हा ते यंत्र घरी यावे. आपल्याकडील कोरडवाहू जमिनीत एकरी एवढे सोयाबीन सहसा निघत नाही, हे शेतकरी पालकांस सांगावयास नको. शिवाय यंत्र घेऊन खर्च संपत नाही. एकेका नव्या खेळाची किंमत चार-पाच हजारांपर्यंत जाते, आणि दूरच्या मित्रांबरोबर खेळावयाचे तर बहुधा निराळी वर्गणी भरावी लागते. उलट चित्रपट पाहण्यापुरतेच काम असेल तर त्याची कथा वेगळी. 'प्लेस्टेशन ४' आपल्याकडे २०१४ साली ३९,९९० रुपयांना आले होते. २०१७ साली ॲमेझॉनची 'फायर टीव्ही स्टिक' भारतात निघाली ती ३,९९९ रुपयांना, म्हणजे बरोबर दहाव्या हिश्श्यास. आणि चित्रपट दाखविताना कन्सोल जी वीज खातो ती या लहान वस्तूच्या कित्येक पट असते.

कोणी म्हणेल की किमती उतरतील. मग तरी कन्सोल घराघरांत धनी होऊन बसेल की नाही? आमचे उत्तर असे की, किंमत हा अर्धाच अडसर आहे. दुसरा अर्धा त्या वस्तूच्या स्वभावात आहे. टीव्हीचा रिमोट आजीच्या हाती दिला तर ती दोन दिवसांत आपली वाहिनी लावावयास शिकते. कन्सोलच्या कंट्रोलरवर डझनाहून अधिक कळा, त्यांत दोन अंगठ्यांनी फिरवावयाच्या. कीर्तन ऐकण्यासाठी आजीने तो हाती घ्यावा, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. घरातील सर्वांत अनभिज्ञ माणसास जे सुलभ नाही ते घराचे केंद्र कसे व्हावे? तिसरी गोष्ट, अलीकडील कन्सोलवरील नामांकित खेळ बहुशः एकट्याने, किंवा दूरच्या अनोळखी माणसाशी कानाला हेडफोन लावून खेळावयाचे असतात. खेळणाऱ्याचे तोंड घराकडे नसून दुसरीकडेच असते. शेजारी बसलेल्याने काही विचारिले तर त्याचा त्रासच व्हावयाचा. सारीपाटाच्या कसोटीवर ही वस्तू येथेच उणी पडते.

येथवर कन्सोलच्या उणिवा सांगितल्या. परंतु या चर्चेत एका तिसऱ्या वस्तूस दृष्टीआड करून चालणार नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यापासून इंटरनेट इतके स्वस्त झाले की, टीव्ही व कन्सोल या दोघांसही बाजूस सारून मोबाइलने करमणुकीचा ताबा घेतला. मोबाइल मात्र दिवाणखान्याचा धनी झाला नाही. त्याने दिवाणखानाच मोडून त्याचे तुकडे ज्याच्या त्याच्या हाती दिले. एकाच खोलीत चार माणसे बसतात, चार पडदे उजळतात, आणि कोण काय पाहत आहे याची दुसऱ्यास वार्ता नसते. 'पबजी' या खेळाने हजारो मुलांस रात्र रात्र जागविले. त्यावर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातली. पुढे त्याचाच भाऊबंद दुसऱ्या नावाने आला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा सुळसुळाट तर इतका झाला की, २०२५ साली संसदेस त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. हे सर्व चाले ते पांघरुणाखाली, वडिलांच्या दृष्टीबाहेर.

मोबाइलशी तुलना केली असता कन्सोलची एक बाजू उजळून दिसते, व ती न सांगणे अन्यायाचे होईल. कन्सोलवरचा खेळ मोठ्या पडद्यावर, उघड्यावर, सर्वांच्या देखत चालतो. मुलगा काय खेळतो, किती वेळ खेळतो, हरला असता कसा वागतो, हे आईवडिलांस दिसते. दुसरा कंट्रोलर असेल तर धाकट्या बहिणीस शेजारी बसविता येते. शिवाय या माध्यमात आपल्या मातीचा आशय ओतण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २००९ साली 'देसी अड्डा' नावाच्या खेळात कबड्डी, विटीदांडू व पतंग यांस 'प्लेस्टेशन २' च्या पडद्यावर आणले गेले. तो खेळ हैदराबादच्या 'गेमशास्त्र' कंपनीने रचला होता. २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने 'राजी' हा खेळ जगापुढे ठेविला; आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. उमरीहून रेल्वेने गाठता येणाऱ्या या दोन शहरांतील तरुणांनी हे काम केले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. खेळण्याचा ज्यास छंद आहे त्याने खेळ कसा रचतात हे जाणण्याचाही छंद लावून घ्यावा. त्यास गणित, चित्रकला व कथाकथन या तिन्हींचे ज्ञान लागते, आणि त्या तिन्हींचा पाया शाळेतच घातला जातो.

आता पालकांस चार शब्द. 'सारी करमणूक एकाच पेटीत' हे वचन ऐकून कोणीही हे यंत्र घेऊ नये. ते वचन देऊन पाळू न शकलेल्या यंत्रांची यादी वर दिलीच आहे. चित्रपट व गाणी यांसाठी घरातील टीव्ही पुरेसा आहे. खेळासाठी म्हणूनच घ्यावयाचे असेल, व ऐपत असेल, तर वापरलेले जुने यंत्रही पुष्कळ कमी किमतीत मिळते. कर्ज काढून किंवा पेरणीचे पैसे मोडून ही वस्तू आणणे शहाणपणाचे नव्हे. आणिल्यावर ती मुलाच्या निजावयाच्या खोलीत न ठेविता बैठकीतच ठेवावी, खेळाची वेळ घरातील सर्वांनी मिळून ठरवावी, आणि दुसरा कंट्रोलर अवश्य घ्यावा. मुख्य म्हणजे आठवड्यातून एखादे वेळी तो दुसरा कंट्रोलर वडिलांनी स्वतःच्या हाती धरावा. मुलापुढे हरण्यात वडिलांचा मान कमी होत नाही. उलट आपण ज्यात निपुण आहोत ते वडिलांस शिकविताना मुलास जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. आणि ज्यांनी मुलांच्या मोबाइलविषयी तक्रार करावी त्यांनी जेवणाच्या वेळी प्रथम आपला मोबाइल दूर ठेवावा. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कन्सोल नाही, आणि नसल्याने तुमचे काही अडलेलेही नाही. शहरातील एखाद्या मावसभावाच्या घरी ते पाहून मनात खंत धरू नका, व त्यासाठी घरी हट्ट करून बसू नका. ज्या कंपन्यांपाशी अपार द्रव्य व निष्णात अभियंते होते त्यांना चाळीस वर्षे खटपट करूनही दिवाणखाना जिंकता आला नाही. त्यांच्या यंत्रांत गुण पुष्कळ होते. परंतु बाजूस बसलेल्या माणसाचा विचार त्यांच्या योजनेत क्वचितच होता. तो विचार तुम्हास एक पैसाही खर्च न करिता करता येईल. येत्या सुट्टीत एक सायंकाळ मोबाइल कोनाड्यात ठेवा आणि आजी-आजोबांस विचारा की सारीपाटाचे दान कसे मोजतात, सोंगटी केव्हा मरते, केव्हा घरी जाते. पट नसेल तर जुन्या कापडावर खडूने आखून घ्या. सोंगट्यांच्या जागी चिंचोके चालतील. खेळावयास चौघे बसा, आणि जे खेळत नाहीत त्यांना भोवती ऐसपैस जागा करून द्या.